बांगड्यांमागून चालणारं पोर

चंद्राबाईचं पोर भर दुपारी आंधळ्यासारखं वागायचं आणि तिन्हीसांजेला डोळसासारखं. हे असं उलटं का, ते पलूसजवळच्या त्या मळ्यात कुणालाच सांगता येत नव्हतं.

पोराचं नाव मानसिंग. हे नाव बापानं पत्रातून कळवलेलं. बाप लालासाहेब फौजेत होता. बेचाळीसच्या उन्हाळ्यात रजा संपवून तो गेला, त्यानंतर मानसिंग जन्मला. पत्रं येत, पण त्यांवर गावाचं नाव नसे, नुसते आकडे असत. चव्वेचाळीसच्या चैत्रात पोर दीड वर्षाचं झालं तरी बापानं ते पाहिलेलं नव्हतं. चंद्राबाईच्या मनात मात्र एकच प्रश्न घर करून बसला होता, की बाप परत येईल तेव्हा पोराला तो दिसेल का.

संशय आला तो गुळाच्या खड्यावरून. दुपारी अंगणात पोराच्या पुढ्यात खडा ठेवला, तर ते हातानं जमीन चाचपायचं आणि खडा जागीच राहायचा. तेच पोर दिवेलागणीच्या आधी, उजेड मावळताना, सुपातून सांडलेला जोंधळ्याचा दाणा चिमटीत उचलायचं. त्याचे डोळे एका जागी ठरत नसत, वाऱ्यावरच्या वातीसारखे बारीक हलत राहत. बाहुलीत कधी दुधाचा थेंब कालवल्यासारखं वाटे. निरखून बघायला जावं तर पोर मान फिरवी आणि आपण पाहिलं ते खरं की भास, हे कळेनासं होई.

सासू हरणाबाईनं पहिल्यांदा ऊन बाधल्याचं निदान केलं. एरंडेलाच्या दिव्यावर काजळी धरली, तुपात खलली आणि पोराच्या डोळ्यांत भरली. आठ दिवसांनी फरक नाही म्हटल्यावर तिनं निदान बदललं.

"रातांधळं असंल. माझ्या चुलत्याला व्हतं."

"रातांधळं कसं, आत्याबाई? सांजच्याला तर दाणं वेचतंय की."

"मग न्हाई रातांधळं."

"मग काय हाय?"

"ते मला काय ठावं? माझ्या चुलत्याला दिवसा दिसायचं."

धाकटा दीर नानासो बैलगाडी जुंपता जुंपता हे ऐकत होता. त्यानं चाबूक घेतला, पोरासमोर उकिडवा बसला आणि चाबूक डावीउजवीकडं हलवला. मानसिंगनं दोन्ही हात पुढं करून बरोबर चाबकाची दांडी धरली.

"बघा वैनी. झाली परीक्षा. उगं पोराला आंधळं ठरवताय."

चाबकाच्या दांडीला घुंगरं बांधलेली होती. तिकडं ना नानासोचं लक्ष गेलं, ना चंद्राबाईचं.

शिवाय तिच्याकडं स्वतःचा एक पुरावा होता आणि तो सगळ्यात भक्कम होता. पोर तिच्याकडं सरळ यायचं. भर बारा वाजता अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून तिनं हात पुढं केला की मानसिंग वाटेतल्या उखळाला धडपडत, पण तिच्याकडंच यायचा. तोंडानं ती हाक मारत नसे. मुद्दामच मारत नसे, कारण हाकेवर आलं तर परीक्षा कसली? ती गप्प राहून हात हलवी, पोर येऊन मांडीला मिठी मारी आणि चार दिवस तिच्या जिवाला स्वस्थता मिळे. पाचव्या दिवशी ते समोरच्या शेणाच्या पाटीवर आदळे.

पोराला दिसतंय असं मानावं तर पाटी आडवी येई, दिसत नाही म्हणावं तर मिठी आडवी येई. मिरजेला दवाखान्यात न्यावं असं तिनं दोनदा काढलं. हरणाबाईनं दोन्ही वेळा एकच विचारलं, "डाक्टरला सांगनार काय?" दोन्ही वेळा जाणं राहिलं.

अक्षय्यतृतीयेच्या आधी तानुबाई कासारीण बांगड्यांची टोपली घेऊन मळ्यावर आली. चंद्राबाईच्या दोन्ही हातांत मिळून अठरा हिरव्या बांगड्या होत्या. काही झिजलेल्या, दोन तडकलेल्या. नवा चुडा भरायचा तर जुन्या काढाव्या लागणार. पण नवरा जिवंत असलेल्या बाईनं मनगट क्षणभरही मोकळं ठेवायचं नाही, हा नेम. आणि नवरा लढाईवर असलेल्या बाईनं तर नाहीच नाही. म्हणून तानुबाईनं दोन्ही हातांत एकेक जुनी बांगडी ठेवून बाकीच्या वाढवल्या.

"मोठ्या मापाच्या लागतील. हात सुटलाय तुझा," तानुबाई म्हणाली. "नवरा तिकडं गोळ्या झेलतोय आन् तू हितं गूळ खाऊन फुगतीस व्हय गं?"

चंद्राबाई हसली. मानसिंग दहा-बारा पावलांवर उन्हात उभा होता. सवयीनं तिनं हात पुढं केला आणि हलवला.

पोर आलं नाही.

तिनं पुन्हा हलवला. पोराचं तोंड तिच्याच दिशेला होतं. डोळे तिच्या अंगावरून पुढं गेले, मागच्या भिंतीवरून फिरले आणि परत आले. ते तिला शोधत होतं आणि ती समोर बसली होती.

"काय गं, हात कशाला हलवतीस? बांगडी टिचंल," तानुबाई म्हणाली.

चंद्राबाईनं आपल्या मनगटाकडं पाहिलं. एका हातात एकच बांगडी. एकटी बांगडी वाजत नाही. तिनं टोपलीतल्या नव्या बांगड्यांची माळ उचलली आणि हलकेच हलवली. मानसिंग वळला आणि दोन्ही हात पसरून थेट तिच्याकडं चालत आला.

इतके दिवस ती पोराची नजर तपासत होती आणि पोर कानानं पास होत होतं. आपल्याच बांगड्यांचा आवाज कुठल्या बाईला ऐकू येतो?

"तानुबाई, आत्ता भरू नगंस," ती म्हणाली.

"अर्ध्यात? खुळी का काय?"

हरणाबाई आतून बाहेर आली. सुनेचे हात पाहून तिचा चेहरा उतरला. "ल्योक माझा लढाईवर हाय, आन् तू एकेक बांगडीवर बसतीस? भर त्या. भर म्हनते."

"मिरजंला जाऊन आल्यावर भरीन, आत्याबाई. डाक्टरला काय सांगनार, इचारत व्हता न्हवं? हे दावनार हाय."

"आन् तवर काय वंगाळ झालं म्हंजे?"

भीती चंद्राबाईलाही होतीच. ती हात पदराखाली घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी नानासोनं गाडी जुंपली, तिला भिलवडी स्टेशनावर नेलं आणि मिरजेच्या गाडीत तोही तिच्याबरोबर चढला. वाटेत तो एकदाच बोलला. "वैनी, त्या चाबकाला घुंगरं व्हती."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खिशातून छोटी बॅटरी काढली. चंद्राबाई म्हणाली, "आदी माजं बगा." तिनं पोराला खिडकीच्या उजेडात उभं केलं, लांब सरकली आणि मुक्यानं हात हलवला. पोर हललं नाही. मग तिनं दोन्ही बांगड्या एका हातात घेतल्या, तोच हात हलवला आणि पोर आलं. मोकळं झालेलं मनगट तिनं तेवढ्या वेळात पदरात गुंडाळून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी बॅटरी परत खिशात ठेवली. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुनी न्हाई. कासारीण आली व्हती."

त्यांनी पोराच्या डोळ्यांत औषध घातलं, अर्ध्या तासानं तपासलं आणि मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. दोन्ही डोळ्यांत, जन्मापासून.

"मोतीबिंदू म्हाताऱ्यास्नी हुतोय," नानासो म्हणाला.

"पोरांनाही होतो. क्वचित."

"मग सांजच्याला दाणं कसं वेचतंय?" चंद्राबाईनं विचारलं.

"डाग बाहुलीच्या मधोमध आहे. उन्हात बाहुली बारीक होते, सगळी डागानं झाकून जाते. उजेड कमी झाला की बाहुली पसरते आणि डागाच्या कडेनं थोडं दिसतं."

तिला निम्मं कळलं. पोर खोटं वागत नव्हतं आणि तिचे डोळेही फसले नव्हते, एवढं कळलं. शस्त्रक्रिया करता येईल, पण पुढं किती दिसेल ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. थोडं मोठं झाल्यावर जाड भिंगाचा चष्मा लागेल. बापाची संमती आहे का, असं कारकुनानं विचारलं. बाप कुठं आहे हे सरकारलाच ठाऊक, असं नानासोनं सांगितलं. चंद्राबाईनं अंगठा उठवला.

शस्त्रक्रियेनंतर पोराच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी बसली. पट्टी ओढू नये म्हणून कोपरांना पुठ्ठे बांधले. शुद्धीवर येताच त्यानं जो आकांत मांडला तो चंद्राबाई जवळ असूनही थांबेना. ती बोलली, गायली, तरी थांबेना. तेव्हा ती उठली, मिरजेच्या बाजारात गेली आणि पहिल्या कासाराच्या पुढ्यात बसून दोन्ही हात भरून घेतले. मिळून अठरा. परत येऊन तिनं पोराच्या कपाळावरून हात फिरवला. बांगड्या वाजल्या. पोर हुंदके देत देत गप्प झालं.

नर्स म्हणाली, "इथं आवाज नको, बाई." चंद्राबाईनं ऐकलं नाही. नर्सनंही पुन्हा सांगितलं नाही.

पट्टी उघडली तेव्हा सकाळ होती आणि खिडकीतून ऊन खाटेवर आलेलं होतं. डॉक्टरांनी बॅटरी फिरवली. मानसिंगची नजर उजेडामागून गेली, अडखळत, पण गेली. नानासोनं डोक्यावरचा पटका काढून पुन्हा बांधला.

चंद्राबाईनं बांगड्या पदरात दाबून धरल्या आणि पोरापुढं वाकली. आता आवाज नव्हता. पोरानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. कुंकवाकडं पाहिलं, नथीकडं पाहिलं. भर उजेडात असं तिचं अख्खं तोंड त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं; सांजेला दिसे तेही कडेकडेनं. मग त्यानं ओठ काढला आणि ते परक्या बाईला बघून रडावं तसं रडू लागलं.

डॉक्टर म्हणाले, "छान."

नानासोनं वहिनीकडं पाहिलं. हसावं की रडावं हे तिला समजत नव्हतं, तिच्या तोंडावर दोन्ही होतं. पोराला ती दिसत होती आणि ती कोण हे त्याला कळत नव्हतं.

तिनं पदर सोडला आणि हात हलवला. रडणं थांबलं. पोरानं आवाजाकडं पाहिलं, मनगटाकडं पाहिलं, मनगटावरून नजर वर वर चढत तिच्या तोंडाशी आली आणि तिथं थांबली. बराच वेळ थांबली.