सीटखालचा बोल्ट

‘पहिल्यांदाच बसल्यात ना त्या, म्हणून घाबरल्या,’ मॅडम माइकवर म्हणाल्या. हॉलमधली माणसं समजूतदारपणे हसली. मागून कुणीतरी टाळ्यापण वाजवल्या. मी तेव्हा फरशीवर पडले होते. छातीला बेल्ट, बेल्टला सीट, सीटला गाडी, सगळं एकत्र आडवं. उजवं कोपर सोललेलं. समईचं तेल केसांत.

पहिल्यांदाच म्हणे. अहो, ती सीट मी बनवली होती.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये ऑफिसच्या खुर्च्या बनवणारा एक गाळा आहे. तिथे मी अकरा वर्षं खुर्च्या जोडते. म्हणजे जोडत होते. डावा पाय पोलिओचा, मांडीपासून कॅलिपर. पण खुर्ची जोडायला पाय लागत नाही, हात लागतात, आणि माझे हात झकास आहेत. आमचे सावंतशेठ मालवणचे. तोंडाने फटकळ, पण कामाला मान देणारे. आमच्या गाळ्यात एक रीत त्यांनीच पाडलेली. नवीन खुर्ची ज्याने जोडली, त्यानेच पहिल्यांदा अर्धा दिवस तिच्यावर बसून काम करायचं. टोचलं तर त्याला टोचू दे, गिऱ्हाइकाला नको. एकदा शेठ स्वतः एका हलणाऱ्या खुर्चीवरून मागे पडले होते, तरी रीत मोडली नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका ट्रस्टने आमच्याकडे गाड्या पाठवल्या. मॉलमध्ये सिक्युरिटीवाले उभ्याने फिरवतात ना, दोन चाकांच्या, त्या. कुठल्यातरी मॉलने जुन्या झाल्या म्हणून देऊन टाकलेल्या, एकूण सहा. त्यांना सीट बसवायची आणि अपंगांना वाटायच्या, असं ठरलेलं. ट्रस्टचा एक तरुण इंजिनिअर सोबत आला होता. परदेशात शिकलेला, बोलायला गोड. त्याने मध्यभागी एक दांडा आणि वर स्टूल असं चित्र आणलं होतं. मी म्हटलं, हे चालणार नाही.

त्या गाडीला ब्रेक नसतो. पुढे झुकलं की ती पुढे जाते, मागे झुकलं की थांबते. उभा माणूस घोट्यातून झुकतो. आम्ही कुठून झुकणार? माझं वजन पुढे-मागे करायचं तर ते हातांनीच करायला हवं. ऑफिसच्या खुर्चीची सीट पुढे-मागे सरकते, तो सांगाडा मी काढला आणि गाडीवर बसवला. हँडल धरून स्वतःला ओढलं की सीट पुढे, गाडी पुढे. ढकललं की सीट मागे, गाडी उभी. पहिल्या दिवशी भिंतीवर आदळले. दुसऱ्या दिवशी गटाराच्या जाळीत अडकले. मग स्प्रिंग बदलली, सीट चार बोटं खाली घेतली. दीड महिना मी ती गाडी इस्टेटच्या गल्लीतून फिरवली. चहावाला ओरडायचा, ‘राणीसाहेब आल्या, बाजूला व्हा.’ काय सांगू, जन्मात पहिल्यांदा कुणाच्यातरी पुढे निघून जात होते मी. एकटी असले की गाडीवर गाणी म्हणायचे.

मग गाड्या ट्रस्टकडे गेल्या आणि पंधरा दिवसांनी कार्यक्रमाचं बोलावणं आलं. शेठ म्हणाले, तुलाच बोलावलंय. मला वाटलं, बनवणारी म्हणून. आईने पेटीतली मोरपिशी साडी काढून दिली.

बोरिवलीतल्या एका टॉवरचं क्लबहाउस. थंडगार हॉल. दारात ट्रस्टच्या मॅडमनी नाव विचारलं. मी नाव सांगितलं. मग आडनाव विचारलं. सांगितलं. त्या ‘अच्छा, अच्छा’ म्हणाल्या. ते ‘अच्छा’ मला माहीत आहे. शाळेत बाई म्हणायच्या तसलं. त्याच बाईंनी मला पाच वर्षं कवायतीच्या तासाला सगळ्या वर्गाच्या चपला राखायला बसवलं. पायामुळे की आडनावामुळे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मॅडमनी माझ्या साडीवर एक स्टिकर चिकटवला. त्यावर लिहिलं होतं, ‘लाभार्थी’.

मी म्हणणार होते, अहो, मी ती नाही. तेवढ्यात दोन वॉचमननी मला काखेत धरून उचललं. विचारलं नाही. गोणी उचलावी तसं उचललं आणि गाडीवर ठेवलं. इंजिनिअरने छातीवरून बेल्ट आवळला. मी सवयीने सीट मागे ढकलली. सरकली नाही.

मी म्हटलं, ‘थांबा, सीट हलत नाहीये.’

‘हलू नये म्हणूनच बोल्ट मारलाय,’ तो म्हणाला. ‘तुमच्याच सेफ्टीसाठी.’

सीट पुढे असतानाच बोल्ट मारला होता. वर बेल्ट, म्हणजे अंगही मागे जाणार नाही. त्याच्या डोक्यात एवढंच की अपंग माणूस म्हणजे पडणारा माणूस, त्याला बांधून ठेवा. आणि मी गप्प बसले. का बसले, ते आजही मला खातं. समोर कॅमेरे होते, मोठी माणसं होती, आणि लहानपणापासून एकच शिकले होते की उचलून घेतात तेव्हा त्रास द्यायचा नाही. त्याने बटण दाबलं. गाडी निघाली, ती समईच्या टेबलावर जाऊनच थांबली.

मला उठवून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. आणि लगेच मॅडमनी मांडीवर कागद ठेवला. छापील मजकूर. गाडी मी वापरून पाहिली, ती मला सोयीची आणि सुरक्षित वाटली, मी ट्रस्टची ऋणी आहे. खाली रेघ. मॅडमनी शाईचा पॅड पुढे सरकवला आणि म्हणाल्या, अंगठा चालेल.

बारावी पास आहे मी. पडल्यावर रडू आलं नव्हतं, तो पॅड बघून आलं. लाज वाटली. मग त्या लाजेचा इतका राग आला की रडू आतल्या आत सुकून गेलं. दरवाजाशी बाकीच्या पाच गाड्या रांगेत उभ्या होत्या, रिबिनी बांधून. पाचही सीटखाली तोच बोल्ट.

मी म्हटलं, ‘मला लिहिता येतं. पण हे मी लिहिणार नाही.’

मॅडम हसल्या. आता थकलात तुम्ही, नंतर बघू, असं काहीतरी म्हणाल्या. मी इंजिनिअरकडे वळले.

‘आधी तुम्ही बसा. बेल्ट लावून. आणि थांबवून दाखवा.’

तो गोंधळला. मॅडमकडे बघून म्हणाला, ‘पण ते माझ्यासाठी नाहीये ना.’

एवढं एकच वाक्य तो खरं बोलला. मी त्याच्याच खिशातलं पेन मागून घेतलं. कागद उलटा केला आणि मागे लिहिलं: ही सीट मी बनवली आहे. ती सरकायला हवी. बोल्ट आणि बेल्टमुळे या गाडीला थांबायचा मार्ग राहिलेला नाही. खाली पूर्ण नाव, आडनावासकट, मोठ्या अक्षरांत. मोबाइलने फोटो काढला. साडीवरचा स्टिकर काढला आणि त्या पॅडवर चिकटवला.

सावंतशेठ मागच्या रांगेत होते. सगळं त्यांनी बघितलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाले, ट्रस्टची आणखी कामं यायची आहेत, तू वाट लावलीस. मी विचारलं, शेठ, आपल्या गाळ्यातून अशी खुर्ची बाहेर गेली असती का? ते माझ्या नजरेला नजर देईनात. ‘तसा नाय गो बाय,’ म्हणाले, ‘माफी लिहून दी नि मोकळी हो. नायतर उद्यापासून येव नको.’ दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. अकरा वर्षांचा डबा, पाने, हातमोजे अजून तिथेच आहेत.

खरं दुखलं ते नंतर. दहिसरला माझी मैत्रीण राहते, नंदा. दोन्ही पाय गेलेले, घरात बसून साड्यांना फॉल-पिको करते. चाळीतून बाहेर पडायचं तर भाऊ उचलून नेतो, तो असेल तेव्हा. पहिली गाडी तिच्या नावावर लागली होती. मी जाऊन तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. सुई दातात धरून बसली होती.

‘तू सही करून टाकायची होतीस गं,’ ती म्हणाली. ‘गाडी तर हातात आली असती. बोल्ट आपण मागाहून काढला असता.’

मी म्हटलं, सीलबंद करून देणार आहेत, सीलला हात लावला तर गाडी परत नेणार, तसं गाडीच्या फॉर्मवरच लिहिलंय. ती म्हणाली, तुझा एक पाय तरी चालतो, तुला काय कळणार. मग मशीनकडे तोंड केलं आणि शिवायला लागली. बोलणं बंद. चार वेळा फोन केला, उचलत नाही. तिच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर झोंबलं.

त्या कागदासाठी ट्रस्टने दुसरी कुणीतरी शोधली. तिने अंगठा दिला. रविवारी सकाळी गाड्या घरोघर पोचवणार आहेत, फोटोसकट. ट्रस्टला मी दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. माझ्या कागदाचा फोटो बाकीच्या पाच घरांत जाऊन दाखवला. दोघांनी गाडी नको म्हणून कळवलं. दोघं म्हणाले, बघू. एकाने दारच उघडलं नाही.

राहिली नंदा. तिच्या चाळीतून बाहेर पडलं की सरळ उतार, उताराखाली नाक्याचा रस्ता, तिथून दिवसभर डंपर जातात. बेल्टमध्ये बांधलेली नंदा त्या उतारावर काय करणार, हे मला डोळे मिटले तरी दिसतं.

रविवारी सातला मी तिथे असेन. नवीन पाना घेतलाय. फोटोवाल्यांसमोर बोल्ट काढून सीट सरकवून दाखवीन, बसून दाखवीन. पोलिस बोलावले तर त्यांनाही बसवीन. आणि काढू दिला नाही, तर उतारावर आडवी पडीन. नंदा शिव्या घालील, आयुष्यभर बोलणार नाही. नको बोलू दे. बांधलेल्या सीटवर मी तिला त्या रस्त्यावर उतरू देणार नाही.