हवालदार रडायला शिकले

आमचे औंधचे शेजारी हंबीरराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आल्या आल्या त्यांनी एक पिल्लू पाळलं. नाव ठेवलं मेजर. "काकू, जन्मभर मेजरचं ऐकलं," ते कुंपणापलीकडून मला म्हणाले, "आता मेजर माझं ऐकंल."

मेजर कुणाचंच ऐकत नसे. हंबीररावांच्या बायकोच्या, बनुबाईंच्या, दोन चपला त्याने खाल्ल्या. दोन्ही उजव्या पायाच्या, म्हणजे जोड्याही दोन गेल्या.

१९९४ च्या उन्हाळ्यात त्यांची सून संयोगिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी, खंडाळ्याला गेली. मुलगा सीमेवर. त्याच दिवशी बनुबाईंनी नवऱ्याला बजावलं, "पोर घरात आल्यावर पयल्यांदा रडलं आन् ह्यो पाळण्याकडं धावला, की त्याच दिवशी ह्याची रवानगी कवठे महांकाळला. माझा भाऊ टेम्पो घिऊनच यील."

हंबीररावांचा चेहरा उतरला. सकाळी यमाईच्या डोंगरावर त्यांच्याबरोबर जाणारा, त्यांच्या लढाईच्या गोष्टी न जांभई देता ऐकणारा, तेवढा एक मेजरच होता.

त्यांनी मेजरला शिकवायचं ठरवलं. माळ्यावरचा पाळणा उतरवून टांगला आणि दोरी ओढली, तोच बनुबाई कडाडल्या, "आवं, रिकामा पाळणा हलवत्यात व्हय?"

हंबीरराव परसात गेले, वेलीवरचा तांबडा भोपळा तोडून आणला, दुपट्यात गुंडाळला आणि पाळण्यात निजवला. "घे. आता न्हाई रिकामा."

 

पण भोपळा रडेना. मग बनुबाई मळ्यात गेल्या की हंबीरराव स्वतःच रडू लागले. त्या झुपकेदार मिशांतून "ट्यांऽ ट्यांऽ" असा बारीक सूर निघायचा आणि इकडे ओसरीवर मी तोंडात पदर कोंबून बसायची. मेजर पाळण्याकडे वळला की "हॉल्ट!" त्यांच्याकडे आला की टोस्टचा तुकडा. दिवाळीपर्यंत मेजर इतका तयार झाला की रडणं ऐकताच तो थेट हवालदारांपुढे येऊन बसे.

"बगा काकू, परेड पास!"

दिवाळीनंतर संयोगिता मुलीला घेऊन आली. बनुबाईंचा भाऊ आकाराम हातात दोरी घेऊन दारातच उभा होता. बनुबाईंनी नातीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तो मेजरने वरच्या वर झेलला. आकारामने दोरीचा फास मोठा केला.

बाळाला पाळण्यात ठेवलं. माणसांच्या गलक्यानं ते दचकलं आणि रडलं. मेजर ताडकन उठला.

"धर रं, आकाराम!" बनुबाई ओरडल्या.

मेजर पाळण्याजवळून सुसाट पुढे गेला, त्याने हंबीररावांचा लेंगा दातांत धरला आणि त्यांच्यापुढे बसला. टोस्ट मिळेना, रडणंही थांबेना. मग तो दोन पायांवर उभा राहून त्यांच्या मिशा चाटू लागला.

"आबा," संयोगिता हसू दाबत म्हणाली, "रडतंय बाळ, आन् गप तुमाला करतोय!"

बनुबाईंच्या सगळं ध्यानात आलं. "तुमी रडत हुता? मी मळ्यात गेल्यावर?"

हंबीरराव आढ्याकडे पाहू लागले. "सराव हुता."

तरी मेजर सोडेना. शेवटी लेंग्याला लोंबकळणाऱ्या कुत्र्यासकट हंबीरराव पाळण्यापाशी गेले आणि त्यांनी दोरी ओढली. बाळ शांत झालं. लेंगा सुटला.

बनुबाईंनी आकारामच्या हातातली दोरी काढून घेतली. मग भावाला म्हणाल्या, "चहा घे आन् जा तू."

"आन् कुत्रं?"

"ऱ्हाऊ दे. माझ्या तीन पोरांच्या वक्ताला ह्ये काश्मीरात. एकदाबी पाळण्याची दोरी धरली न्हाई. आता पोर रडलं की ह्यांना धरून आणणारं कुणीतरी घरात पायजेल."

त्या संध्याकाळी भोपळ्याचे घारगे झाले. मला चार आले, मेजरला सहा.

पुढे सारा हिवाळा आमच्या भिंतीपलीकडे तेच चाले. आधी बाळ रडायचं, मग मेजरची नखं फरशीवर वाजायची, मग हंबीरराव कुरकुरत उठायचे आणि पाळण्याच्या कड्या करकरायच्या. ऊन खात, पाय पसरून शेंगा फोडत बसलेल्या बनुबाई मान न वळवता विचारायच्या, "काय हवालदार, परेड पास?"