दहा फुटांवरचा फोटो

क्रांती चौकाजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात एक जण डिझाइन करायचा. माझं तिथं नेहमी जाणं असे. मोबाइलवरचा कुठलाही फोटो तो मोठा करून बघायचा नि हळूच म्हणायचा, "दहा फुटांच्या फ्लेक्सवर फुटंल हा, नुसते ठिपके दिसतील. मूळ फोटो आणा."

त्या वर्षी गावी पिशोरला विहिरी आटल्या, म्हणून वडील माझ्याकडं राहायला आले होते. एकदा त्यांना दुकानात नेलं. त्यानं त्यांच्याकडं निरखून पाहिलं आणि कॅमेरा काढला.

"काका, बसा जरा. ऐनवेळी घरच्यांना चांगला फोटो सापडत नाय."

वडील टोपी नीट करून बसले.

महिन्याभरात ते गेले. मी दुकानात शिरलो, तर मी काही सांगायच्या आधीच त्यानं कोपऱ्यातली गुंडाळी उलगडली. श्रद्धांजलीचा फलक तयारच होता.

चौकात फलक लागल्यावर मी जवळ जाऊन पाहिला. वडिलांच्या बुबुळात तो डिझाइनवाला कॅमेरा धरून उभा होता, आणि त्याच्या शेजारी त्या दिवशीचा मी, हसत.