तूर्त स्थगित

आमच्या कार्यालयात मला मागून 'तूर्तबाई' म्हणायचे. मागून म्हणजे अगदी पाठीमागच्या टेबलावरूनच, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. पुण्यात चेष्टा करायची तर ती ज्याची त्याच्या कानावर पडायलाच हवी, नाहीतर केल्याचं समाधान काय? मी लेखा विभागात होते. शहराच्या कारभारातला कुठलाही प्रस्ताव, मग तो गटाराच्या झाकणाचा असो की बालवाडीच्या सतरंजीचा, पैसे मिळायच्या आधी माझ्या टेबलावर यायचा. तो वाचायचा, तरतूद आहे का पाहायचं आणि खाली शेरा लिहायचा, हे माझं काम. सगळी नोकरी मी हेच केलं. आणि एवढ्या वर्षांत एकदाही 'नामंजूर' असं लिहिलं नाही याचा मला, आता सांगायला लाज वाटते, पण भलताच अभिमान होता. पैसे नसले की मी लिहायचे, 'तूर्त स्थगित'.

तूर्त म्हणजे आत्तापुरतं. किती सोज्वळ शब्द! कुणाच्या तोंडावर दार आपटायचं नाही, नुसतं लोटून घ्यायचं. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ सरळ 'नामंजूर' असं ठणकावून मोकळे व्हायचे, आणि मला वाटायचं, काय हा माणूस, काळीज म्हणून आहे की नाही.

टाळेबंदी उठली त्यानंतरचं वर्ष. दुकानं उघडली होती, पण गिऱ्हाईक नव्हतं. घरपट्टी भरायला लोक येईनात, बांधकामं ठप्प, त्यामुळे त्यांच्या परवानगीचे पैसेही ठप्प. शहराच्या तिजोरीत खडखडाट. वरून परिपत्रक आलं: काटकसर करा, नवीन कुठलाही खर्च हाती घेऊ नका. आमच्या साहेबांनी ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि शेवटी म्हणाले, "चहाचा खर्च नवीन नाही, तो चालू राहील." सगळे हसले. मीही हसले.

घरी आमच्या ह्यांना तर उकळ्याच फुटल्या होत्या. हे चिंचवडच्या एका खाजगी कंपनीतून निवृत्त झालेले. रोज गुलाबी कागदाचं इंग्रजी वर्तमानपत्र वाचायचं आणि मग माझ्याकडे असं बघायचं की जणू शहराचा तोटा माझ्या पर्समधून गळतोय. "अगं, सरकारनं मुळात इतक्या भानगडीत पडावंच कशाला? बाजाराला मोकळं सोडा. मागणी असेल तिथं कुणीतरी पुरवायला उभा राहतोच." कांदा चढला की मात्र ह्यांना ताबडतोब सरकार आठवायचं, पण ते बोलून दाखवलं तर दोन दिवस अबोला. खरं सांगायचं तर मला त्यांचं बाजाराचं म्हणणं पटायचंही. घरात पैसे कमी आले की आपण साडी घेत नाही, सहलीला जात नाही. शहरानंही तेच करावं. एवढी वर्षं आकड्यांत बसून मला इतकं साधं कळलं नव्हतं, की मी साडी घेतली नाही तर माझं कपाट तेवढं रिकामं राहतं, पण कार्यालयानं हात आखडला तर दुसऱ्याच कुणाच्या तरी घरची चूल थंडावते. आणि ज्या वर्षी लोकांकडे पैसा नव्हता, नेमक्या त्याच वर्षी आम्हीही मूठ आवळून बसलो होतो.

त्या वर्षी माझ्याकडे पाळणाघराचा प्रस्ताव आला.

मंडईच्या मागच्या अंगाला कार्यालयाच्याच मालकीच्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली होती. तिथं भाजी विकणाऱ्या बायकांची लहान मुलं सांभाळायचे. सकाळी सहा ते दुपारी तीन. एक ताई होती कंत्राटावर, आणि तिच्या हाताखाली एक मदतनीस. दूध, खिचडी, दोन पाळणे, एक फळा. ही ताई मूळची विदर्भातली. नवरा इथं कारखान्यात लागला म्हणून आलेली. पुण्यात वीस वर्षं काढूनही तिच्या बोलण्यातला 'जी' काही सुटला नव्हता. मी मंडईत जायचे तेव्हा अधूनमधून तिथं डोकवायचे. पोरं तिला अशी चिकटलेली असायची की तिला धड उभं राहता येऊ नये.

टाळेबंदीत पाळणाघर बंद झालं आणि तिचं कंत्राट संपलं. आता ते परत सुरू करायचं होतं. खर्च काही फार नव्हता. पण परिपत्रकात 'नवीन खर्च' असा शब्द, आणि आमच्या कार्यालयाचं शास्त्र असं की मध्ये बंद पडलेलं काम पुन्हा सुरू केलं की ते नवीन. मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, तुमचं ते नेहमीचं लिहा ना." मी लिहिलं: 'आर्थिक स्थिती सुधारेपर्यंत तूर्त स्थगित ठेवण्यात यावे.' सही केली, आणि मनात म्हटलं, चला, निदान मारलं तरी नाही.

ताई आठवड्यानं कार्यालयात आली. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "अहो ताई, नाही म्हटलेलं नाही. तूर्त थांबवलंय फक्त."

"म्हणजे होईल जी?"

"होईल की. दिवस काय असेच राहणार आहेत?"

तिचा चेहरा उजळला. मलाही छान वाटलं. आज त्या छान वाटण्याचा सगळ्यात जास्त राग येतो.

त्यानंतर ती दर महिन्याला यायची. नवऱ्याच्या कारखान्यात माणसं कमी केली होती, त्यात तोही गेला. मंडईतल्या बायकांचीही दैना होती, कारण नोकऱ्या गेलेले लोक टेम्पोत भाजी घालून गल्लोगल्ली विकत फिरत होते. जो तो विकणारा, घेणाऱ्यांचा पत्ता नाही. पोरं गाळ्याखाली पोत्यावर झोपलेली असायची. एकीचं पोर चालत चालत रस्त्यावर गेलं आणि रिक्षाखाली येता येता वाचलं. हे तीच मला सांगायची, तक्रार म्हणून नाही, आपल्या घरचं सांगावं तसं. मी घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, "तुमचा बाजार कधी काढतोय पाळणाघर?" हे म्हणाले, "निघेल, धीर धर." आणि निघालं खरंच! जवळच्याच गल्लीत, इंग्रजी नावाचं, भिंतीवर जिराफ काढलेलं. फी ऐकून मंडईतल्या बायका पोट धरधरून हसल्या. शिवाय ते नऊला उघडायचं आणि बाराला बंद. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग ती मागणी नव्हे, ती नुसती गरज." हे वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मी पोळी लाटता लाटता थांबले.

एकदा ताई आली ती जरा अवघडून बसली. कोथरूडच्या बाजूला एका खाजगी शाळेत मुलांना सांभाळायची नोकरी मिळत होती. पगार बरा होता. पण एकदा धरली की वर्षभर सोडता येणार नव्हती. "मॅडम, इकडचं झालं तर माझी पोरं दुसऱ्या कुणाच्या हातात जातील. तुम्ही सांगा, थांबू का जाऊ?"

आता इथं शहाण्या माणसानं काय सांगितलं असतं? जा बाई, धर ती नोकरी. मला माहीत होतं की पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकातही त्या खोलीचं नाव नाही. पण तसं सांगायचं म्हणजे माझा शेरा पोकळ होता हे कबूल करायचं. मी म्हणाले, "फाईल जिवंत आहे हो ताई. मी आहे ना."

ती थांबली.

माझ्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते तेव्हा टपालात एक पत्र आलं. शनिवार पेठेतल्या एका जुन्या धर्मादाय संस्थेचं. त्यांनी लिहिलं होतं की मंडईजवळचं पाळणाघर कार्यालयाने बंद केले असल्यास संस्था ते स्वखर्चाने चालवायला तयार आहे; फक्त खोली मिळावी आणि योजना रद्द झाल्याचं पत्र मिळावं. त्याच ताईला कामावर ठेवू, असंही होतं. मी ते पत्र दोनदा वाचलं. सगळं आयतं समोर आलेलं. एकाही पैशाचा प्रश्न नव्हता. हवा होता तो फक्त नकार. एक स्वच्छ, धडधडीत 'नामंजूर'.

आणि तोच आमच्याकडे नव्हता. कागदोपत्री पाळणाघर बंद नव्हतंच. ते स्थगित होतं, तेही तूर्त. स्थगित योजनेची जागा दुसऱ्याला देता येत नाही. मी साहेबांना म्हटलं, "शेरा बदलू या का?" ते म्हणाले, "बाई, दीड वर्षांनी शेरा बदलला की लेखापरीक्षणात विचारणार, तेव्हा का नाही लिहिलं? तुमची निवृत्ती तोंडावर. पेन्शनच्या कागदात खोडा घालून घ्यायचाय का? राहू दे भिजत घोंगडं." त्यांनी मला भीती घातली असं म्हणण्यात अर्थ नाही. मी आधीच घाबरलेली होते, त्यांनी फक्त बोलून दाखवलं. शेजारच्या टेबलावरच्या त्या काळीज नसलेल्या गृहस्थांकडे ही फाईल गेली असती तर पहिल्याच दिवशी 'नामंजूर' झाली असती, ताई चार दिवस रडली असती, आणि दीड वर्षांनी त्या खोलीत पाळणे हलले असते.

उत्तर मीच लिहिलं. 'सदर योजना रद्द झालेली नसून तूर्त स्थगित आहे. सबब जागा अन्य संस्थेस देता येणार नाही.' माझं अक्षर चांगलं आहे. सगळे म्हणायचे.

संस्थेनं पैसे दुसऱ्या कामाला लावले. पुढच्या वर्षी शहराच्या तिजोरीत पैसा आला, चांगला आला. त्यातून धडधाकट पदपथांच्या फरशा उखडून नव्या फरशा बसवल्या. पाळणाघराची आठवण करून द्यायला त्या टेबलावर मी नव्हते, आणि असते तरी काय दिवे लावले असते? त्या खोलीत आता आमच्याच कार्यालयाच्या मोडक्या खुर्च्या ठेवल्यात. जुन्या सहकाऱ्यानं फोनवर सांगितलं. फाईल अभिलेख कक्षात गेली. तिथून फाईल परत आलेली मी तरी पाहिलेली नाही.

ताईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला ते पत्रही माहीत नव्हतं आणि त्याचं उत्तरही. निवृत्तीच्या दिवशी ती पेढे घेऊन आली होती. मी दोन घेतले.

गेल्या रविवारी आम्ही दोघं मंडईत गेलो होतो. जिन्याजवळ एक बाई लिंबं आणि मिरच्या घेऊन बसली होती. शेजारी पोत्यावर दोन लहान पोरं. एक झोपलेलं, एक तिच्या पदराशी खेळत होतं. मी ओळख नसल्यासारखी पुढे जाणार होते. खरंच जाणार होते. पण तिनंच हाक मारली, "मॅडम!"

ताई उठून उभी राहिली. केस बरेच पिकले होते. पोरं शेजारच्या गाळेवालीची होती. ती गाळ्यावर आली की मी तिची पोरं सांभाळते, म्हणाली, तेवढंच. मग तिनं त्या गाळेवालीला हाताला धरून पुढे आणलं आणि माझ्याकडे बोट केलं. "याच त्या मॅडम. सगळ्यांनी आपली फाईल मारून टाकली असती. यांनी जिवंत ठेवली जी."

गाळेवालीनं मला हात जोडले. आमच्या ह्यांची छाती फुगली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघ, लोक नाव काढतात तुझं." ह्यांनाही मी कधी काही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर मंडईत भर बाजारात असं म्हणाले नसते.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. ताई, ती फाईल मीच जिवंत ठेवली म्हणूनच तुमचं काम मेलं. एवढंच वाक्य. कोथरूडची नोकरी, शनिवार पेठेतलं पत्र, सगळं त्यात आलं असतं. वाक्य अगदी तयार होतं, जिभेवर होतं. मी म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं, माझं कामच होतं ते."

"नाही जी, कोण करतं इतकं," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, जरा लाजत, तिनं विचारलं, "आता तुमच्या जागेवर कोण बसतं, मॅडम? त्यांना तेवढं सांगून ठेवाल का? दुसरीकडं कुठं मी नाव घातलं नाही म्हणावं. मी थांबलेली आहे."

"सांगते हं," मी म्हणाले, आणि तिला तेवढ्यानंही बरं वाटलं.