जगन्नाथनं निवडलेलं छोटं इंजिन

आमच्या जगन्नाथला माणसांचं काही कळायचं नाही, इंजिनाचं सगळं कळायचं. सातवीत शाळा सुटली आणि कोल्हापुरात उद्यमनगरात ट्रकची इंजिनं खोलायला बसला तो बसलाच. चालू इंजिनावर पान्याचं एक टोक ठेवायचा, दुसरं कानाला लावायचा, आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा. लांबनं लांबनं गाड्या यायच्या त्याच्याकडं.

मग बायकोचा भाऊ विवेक, मोठा इंजिनिअर, त्यानं बहिणीचे कागद केले आणि हे सगळे अमेरिकेत गेले. पिस्कॅटवेत एका गॅरेजात जगन्नाथला काम मिळालं. पण इंजिन खोलायला सर्टिफिकेट लागतं म्हणाले, आणि ते इंग्रजीत परीक्षा दिल्यावर मिळतं. ह्यानं दोनदा दिली, दोनदा नापास. मग ऑइल बदल, टायर बदल. बारा वर्षं खड्ड्यात उभा राहून लोकांचं काळं तेल अंगावर घेतलं गड्यानं. विवेकच्या घरी पाहुणे आले की विवेक ओळख करून द्यायचा, "हे आमचे दाजी, ऑटोमोबाइलमध्ये आहेत," आणि बाकीचे हसायचे.

एक जागा मात्र होती त्याची. पोरगा यतीन मोठा झाला आणि त्याला मातीच्या रेसचं वेड लागलं. पेनसिल्व्हेनियात दोन तासांवर तो ट्रॅक, गोल, सगळी चिकणमाती, गाड्या आडव्या घसरत वळायच्या. जगन्नाथनं भंगारातनं ब्लॉक आणला आणि आठ महिने खपून पोरासाठी इंजिन बांधलं. तिथं गाड्या उभ्या करतात त्या कुंपणाच्या आत जायला गळ्यात पास घालायला लागतो. त्याच्यावर ह्याचं नाव, खाली मेकॅनिक लिहिलेलं. शनिवारी घरनं निघतानाच तो पास गळ्यात घालायचा. बायको पद्मिनी म्हणायची, "अहो, दोन तास आहेत अजून." हा काढायचा नाही. अमेरिकेत त्याला बाकी काही नको होतं, तेवढी जागा राहू दे एवढंच.

२००६ साली ट्रॅकवाल्यांनी नियम बदलला. आता घरी बांधलेलं इंजिन चालणार नाही. कंपनीतनं खोक्यात बंद येतं तेच लावायचं. त्याच्या बोल्टांना सील असतं, गोल गुळगुळीत डोकं, पान्याला धरच मिळत नाही, वर शिक्का. खोललं की बाद. कारण काय, तर कुणाकडं चांगला मिस्त्री आहे म्हणून कुणी जिंकायला नको. असं लिहून दिलं होतं त्यांनी. यतीननं वाचून दाखवलं आणि जगन्नाथ नुसता "बरं" म्हणाला.

दोन इंजिनांतनं एक घ्यायचं होतं. एक छोटं, बिडाच्या हेडचं, ताकद कमी. दुसरं मोठं, ॲल्युमिनियम हेडचं, पन्नास घोडे जास्त. छोटं लावलं तर नियमानं गाडी वजनाला हलकी ठेवता येणार होती. इंजिन विवेक घेऊन देणार होता, म्हणून त्याच्याच किचनमध्ये बसले सगळे.

"मोठंच घ्यायचं," विवेक म्हणाला. "यात विचार काय करायचाय?"

"छोटं घ्या," जगन्नाथ म्हणाला.

"दाजी, हे सीलबंद आहे. तुमचं काम आता चाकात हवा भरायचं. तेवढं बघा."

यतीन हसला. मग म्हणाला, "बाबा, व्हाय छोटं? सगळे मोठं घेतायत."

"माती सुकली की मोठ्याचं चाक जागेवर फिरतं रे. ताकद आहे पण मातीला धरत नाही. मागं बघ, तू कधी हरतोस? शेवटच्या फेऱ्यांत. छोटं फिरणार नाही, धरून जाईल."

"आणि ओल्या मातीत?" विवेकनं विचारलं.

"ओल्यात मार खाणार," जगन्नाथ खरं ते बोलला. "वसंतात मार खाल, उन्हाळ्यात बरोबरीला याल. ऑक्टोबरची शेवटची रेस दुपारी असते, उन्हात माती दगड होते. ती आपली."

यतीननं बापाचं ऐकलं. एवढं एक ऐकलं म्हणा.

आणि तसंच झालं. एप्रिल-मेमध्ये सगळ्यांच्या मागं. मोठ्या इंजिनवाले पोरावर चिखल उडवून पुढं जायचे. येताना दोन तास यतीन बापाशी बोलायचा नाही, रेडिओ लावायचा. विवेक फोन करायचा, "काय दाजी, कितवा आला आपला टेम्पो?" इंजिन खोलता येत नव्हतं म्हणून जगन्नाथ बाकी सगळ्याला हात लावायचा. स्प्रिंगा बदलल्या, वजन इकडचं तिकडं केलं, टायरला दर वेळी वेगळी हवा. जुलैपासनं गाडी पाचवी, चौथी यायला लागली. ते यतीनच्या ड्रायव्हिंगचं नाव झालं.

ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला रविवारी खंडेनवमी होती. त्या दिवशी उद्यमनगरात एक मशीन चालू नसतं. पाने, हातोडे, इंजिनं सगळी धुऊन पुसून हळदीकुंकू लावतात. जगन्नाथनं अमेरिकेतसुद्धा ते कधी चुकवलं नाही. त्या वर्षी त्यानं गॅरेजमध्ये गाडी पुसली, आणि इंजिनाला हळदीकुंकू लावलं ते नेमकं सीलच्या बोल्टांना. दुसरीकडं लावायचं ना. पण सगळं वर्ष ज्याला हात लावता आला नाही त्याला निदान कुंकू तरी, असं आलं असंल मनात. ओलं कालवलेलं कुंकू, ते शिक्क्याच्या अक्षरांत जाऊन बसलं आणि वाळलं.

गुरुवारी यतीननं बघितलं. "बाबा, व्हॉट इज धिस? शनिवारी रेस आहे, तिथं सगळे बघतात. क्लीन इट. एक कण दिसता कामा नये."

फडक्यानं निघंना. जगन्नाथनं बारका स्क्रूड्रायव्हर घेतला आणि एकेका अक्षरातनं टोकरून टोकरून काढलं. पोराला लाज वाटायला नको म्हणून घासून चकाचक केलं. बोल्टांवर ओरखडे पडले. यतीन तिथंच उभा होता, टॉर्च त्यानंच धरला होता.

शनिवारी ऊन पडलं, माती दगड झाली, आणि शेवटच्या सहा फेऱ्यांत मोठ्या इंजिनांची चाकं जागेवर फिरायला लागली. यतीन तिघांना आतनं मागं टाकून पहिला आला. जगन्नाथ कुंपणाला धरून उभा होता. पद्मिनी सांगते, ओरडला नाही, काही नाही, फक्त पास सरळ केला गळ्यातला.

दुसऱ्या नंबरवाल्यानं तक्रार केली. छोटं इंजिन मोठ्याला हरवतं कसं, खोललेलं असणार. तपासायला एक गोरा म्हातारा आला, आरसा आणि टॉर्च घेऊन. सील बघितली, बोटानं ओरखडे चाचपले, आणि विचारलं, ह्याला कुणी हत्यार लावलंय?

जगन्नाथ पुढं झाला. "मी, सर. पूजा. गॉड. मशीन गॉड. रेड पावडर, क्लीन." भोवती यतीनचे मित्र होते. एकजण हसला, मग सगळे हसले. म्हाताऱ्यानं यतीनकडं बघून विचारलं, हा काय म्हणतोय?

यतीननं मित्रांकडं बघितलं. त्याला एवढंच सांगायचं होतं की आमच्यात मशीनची पूजा करतात, आणि पुसायला मीच सांगितलं. एवढं इंग्रजी त्याला येत होतं.

"आय डोन्ट नो," यतीन म्हणाला. "मी त्यांना हात लावू नका म्हणून सांगितलं होतं."

तिथल्या तिथं ट्रॅकवाल्यांपैकी एकानं येऊन जगन्नाथच्या गळ्यातला पास काढून घेतला. हा मान खाली करून उभा राहिला, काढायला सोपं जावं म्हणून.

इंजिन तपासायला पाठवलं. तीन आठवड्यांनी कागद आला, इंजिन कुणी खोललेलं नाही. यतीनचा पहिला नंबर कायम. पण सीलला हत्यार लावणाऱ्या माणसाला आत येता येणार नाही, ते तसंच. गाडीच्या मालकानं, म्हणजे यतीननं, खरं काय घडलं ते लिहून द्यावं, मग बघू, असं खाली होतं.

"लिही की रे," पद्मिनी म्हणाली.

"नेक्स्ट वीक, आई."

आठवडे गेले. मग एकदा चिडून बोलला, "मी सांगितलं होतं क्लीन करायला असं लिहिलं तर मी खोटं बोललो असं होतं. माझी विन कॅन्सल करतील. यू वॉन्ट दॅट?"

जगन्नाथ शेजारच्या खोलीत होता. तिथनंच म्हणाला, "नको लिहू. राहू दे."

डिसेंबरात बक्षिसाचं जेवण झालं. यतीन बापाला म्हणाला, तुम्ही नका येऊ, ऑकवर्ड होईल. विवेक मात्र गेला. तिथं कुणीतरी यतीनला विचारलं, छोटं इंजिन का घेतलंस? तर म्हणाला, माती सुकली की मोठ्याचं चाक फिरतं, मी सगळा हिशेब करून ठेवला होता. टाळ्या पडल्या. विवेकनं त्याचा व्हिडिओ केला आणि जगन्नाथच्याच टीव्हीवर लावून दाखवला. हा बघत बसला. संपल्यावर म्हणाला, "बरोबर सांगितलंय."

पुढच्या वर्षी जगन्नाथ तिकीट काढून प्रेक्षकांत बसायचा. एकदा मागचं टायर बसलेलं दिसलं, म्हणून जाळीपाशी जाऊन हाका मारल्या, "यतीन, मागची हवा बघ." यतीनला ऐकू गेलं होतं, मित्रांनी मान वळवली होती. तो वळला नाही. त्यानंतर जगन्नाथ गेला नाही. शनिवारी घरी गवत कापायचा.

ऑगस्टात गॅरेजात तेलाच्या खड्ड्यातच छातीत कळ आली. वरच्याला वाटलं खाली पाना शोधतोय. अर्धा तास कुणी बघितलंच नाही.

तेरावं झाल्यावर यतीननं गाडीच्या दारावर बापाचं नाव रंगवायला दिलं, तिथं तशी पद्धत आहे, मेलेल्या माणसाचं नाव घालतात. आईला दाखवायला फोटो आणला.

पद्मिनीनं फोटो बघितला. "आधी तो कागद लिही."

"आई, आता त्याचा काय यूज आहे?"

"चोर म्हणून गेले ते."

यतीन उठला. शनिवार होता, निघायची वेळ झाली होती. गाडी ट्रेलरवर चढवली, दारावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत जगन्नाथ, आणि निघाला. ट्रॅकच्या फाटकावर गाडीला कुणी अडवलं नाही. कागद अजून लिहिलेला नाही.