यादीतलं दुसरं नाव

कळसच्या बूथवर कुंडलिकराव एका पक्षाचे पोलिंग एजंट आणि मी, गेणू, दुसऱ्या पक्षाचा. वीस वर्षं शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून आम्ही एकमेकांचे बोगस मतदार पकडले. माणूस महा खडूस. सख्ख्या मेव्हण्याला दुसऱ्यांदा मत टाकताना त्यांनीच धरून दिलं होतं. तरी मतदानाआधी यादी तपासायला मी त्यांच्याच ओट्यावर जायचो. मी नावं वाचायची, त्यांनी पेन्सिलीनं शेरा मारायचा: मयत, नांदायला गेली, बाहेरगावी.

बायको वारल्यापासून त्यांच्या घरची दोनच नावं उरली होती, ते स्वतः आणि मुलगा रविंद्र. रविंद्रला अमेरिकेला जाऊन नऊ वर्षं झालेली. तरी त्याचं नाव आलं की म्हातारा म्हणायचा, "हाय. यील मतदानाला." प्रत्येक पत्रात तेच लिहायचे, बाबासाहेबांनी दिलेला हक्क हाय, एकदा येऊन बजाव. मी चिडवायचो, "आबा, विमानाचं भाडं तुमचा पक्ष देणार व्हय?" ते हसायचे नाहीत.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत रविंद्र खरंच आला. लगोलग त्यांच्या पक्षाची जीप दारात. अमेरिकेच्या साहेबांना माईकवर बोलवायचं होतं. कुंडलिकरावांनी जीप माघारी धाडली. "त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलंय. परदेशी माणसाला आपल्या प्रचारात उतरता येत न्हाय." एवढं बोलून आत गेले ते दोन दिवस ओट्यावर दिसले नाहीत.

मतदानाच्या दिवशी अकराच्या सुमारास रविंद्र रांगेत उभा. परदेशी माणसाला मत नसतं हे मलाही ठाऊक होतं, पण मी तोंड उघडलं नाही. बापानं नऊ वर्षं पाहिलेली वाट एका मतानं सार्थकी लागत असेल तर माझ्या उमेदवाराचं काय बिघडणार होतं?

कुंडलिकराव उठले. "माझा आक्षेप हाय."

केंद्राध्यक्ष म्हणाले, "आबा, एजंटला इथं फक्त ओळखीवर आक्षेप घेता येतो. यादीतला रविंद्र हा नव्हे, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

रविंद्र हळूच म्हणाला, "आबा, तुमच्यासाठीच आलोय मी."

म्हाताऱ्यानं यादीतल्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "यादीतला रविंद्र हितला होता. ह्यो त्यो न्हवं."

"मग हे कोण?"

"पाव्हणं हायती."

रविंद्रनं चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि निघून गेला. दुपारी कुंडलिकरावांनी डबा सोडला, त्यात त्यांच्या आणि रविंद्रच्या अशा दोघांच्या भाकरी होत्या. मला म्हणाले, "खा." मी भाकरीला हात लावला नाही. राग आला होता. "एक मत सोडलं असतं तर आभाळ कोसळणार होतं का?" मी विचारलं.

"दुसऱ्याच्या पोराला सोडलं असतं का मी?" म्हणाले, आणि एकटेच जेवत बसले.

पुढच्याच वर्षी पुन्हा निवडणूक लागली. नवी यादी घेऊन मी ओट्यावर गेलो. रविंद्रचं नाव कमी करायचा अर्ज त्यांनी स्वतःच दिला होता, हे मला माहीत नव्हतं. त्यांचं घर आलं. मी त्यांचं नाव वाचलं आणि सवयीनं दुसऱ्या नावासाठी खाली बघितलं. खाली शेजाऱ्याचं घर सुरू झालं होतं. मी वाचायचा थांबलो.

म्हातारा पेन्सिल धरून बसला होता. "हाय," म्हणाला. "मी हाय. म्होरलं वाच."