भाऊंनी पाहिलेली गाडी

अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनही चुकेल, माफ करा.

शेजारचे भाऊ साधी वांगी घेतानाही आधी "पाहू" म्हणतात. वहिनींना गुडघ्यांसाठी दर आठवड्याला पांढरकवड्याहून यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचं, म्हणून त्यांनी एक छोटी पण महागडी एसयूव्ही पाहायला दारात बोलावली. विकणारा काचेचं छत दाखवत होता. भाऊ मला म्हणाले, "ताई, तुमचेही गुडघे हिच्यावानीच दुखते ना? बसून पाहा जरा."

मी लाजत चढले, दार धरून उतरले. भाऊ माझ्या पायांकडेच पाहत होते.

"खरं सांगा."

"उंच आहे, भाऊ."

या वेळी ते "पाहू" म्हणाले नाहीत. "हिले नाही जमाची. न्या परत."

गाडी गेल्यावर वहिनी खिडकीतून हळूच म्हणाल्या, "बरं झालं बापा. मले वाटलं, आता यांच्या हौसेपायी चढाच लागते."